दैवाने ठरवलेला जोडीदार आणि तिचा नकार

इंग्रजीत ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कादंबऱ्या आज आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानांत दिसतात, पदपथावरच्या ढिगांत दिसतात आणि त्याहून जास्त मुलींच्या मोबाइलमध्ये असतात. नायक लांडगामानव, व्हॅम्पायर, परीलोकातला सरदार किंवा शेकडो वर्षे जगलेला असा कुणी. नायिका बहुधा साधी माणूस. दोघांची गाठ पडते आणि वासाने, स्पर्शाने किंवा नुसत्या नजरेने त्याला कळून चुकते की, हीच ती. या कल्पनेला तिकडे ‘फेटेड मेट्स’ म्हणतात. या लेखापुरते आपण तिला ‘दैवजोडी’ म्हणू.

मी इंग्रजी साहित्याची अभ्यासक पदवीने नाही. नोकरी सांभाळून वाचनालयातली पुस्तके वाचली, वह्यांत टिपणे काढली, एवढेच माझे भांडवल. या कादंबऱ्यांविषयी बोलले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली, हे सगळे पोरकट आहे. दुसरी अधिक गंभीर आहे: जोडीदार दैवानेच ठरवला असेल, तर नायिकेच्या निवडीला काय अर्थ उरतो? पहिल्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायची गरज वाटत नाही. दुसरीला मात्र पुस्तके उघडूनच उत्तर द्यावे लागते, कारण ती काही पुस्तकांना तंतोतंत लागू पडते आणि काहींना अजिबात नाही. फरक कुठे पडतो, ते शोधणे हा या लेखाचा हेतू.

बंधन कुणावर?

अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांचे ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक १९८४ साली आले. एका गावातल्या प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून त्यांनी ते लिहिले. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, घरातल्या सगळ्यांचे करता करता दमलेल्या या बायकांसाठी वाचन म्हणजे स्वतःसाठी राखलेला वेळ होता. दुसरी, कथेतला नायक आधी रुक्ष, तुसडा वागतो आणि शेवटी कळते की, तो तुसडेपणा म्हणजे दडवलेले प्रेमच होते. वाचक स्त्री मागे वळून त्याच्या वागण्याचा नवा अर्थ लावते.

दैवजोडीच्या कादंबरीत हा अर्थ लावायचे कामच उरत नाही. नायकाला शंका नसते आणि ते आपल्याला पहिल्या पन्नास पानांत सांगितलेले असते. माझ्या भाचीला मी विचारले होते की, एवढे काय आवडते तुला यात? ती म्हणाली, “मावशी, तो सोडून जाणार नाही हे आधीच ठरलेलं असतं ना. मग बाकीचं शांतपणे वाचता येतं.” मला हे उत्तर अनेक समीक्षालेखांपेक्षा नेमके वाटते. लग्नाच्या बाजारात मुलीने पसंतीची वाट पाहायची आणि मुलाकडच्यांनी ‘कळवतो’ म्हणून जायचे, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या निश्चिंतीची किंमत समजेल. वरवर पाहता दैव नायिकेला बांधते. कथेच्या यंत्रणेत मात्र ते आधी नायकाला बांधते.

क्रिस्टीन फीहान यांची १९९९ सालची ‘डार्क प्रिन्स’ याचा चांगला नमुना आहे. कार्पेथियन पर्वतातली एक प्राचीन, जवळजवळ अमर जमात. तिच्यातल्या पुरुषांना काही शतकांनी रंग दिसेनासे होतात, भावना विझतात. ठरलेली जोडीदारीण भेटली की रंग परत येतात. कल्पना सुंदर आहे: तिच्यावाचून त्याचे जग करड्या रंगाचे. पण याच पुस्तकात दुसरीही एक तरतूद आहे. पुरुषाने ठरावीक विधिवाक्ये उच्चारली की दोघे बांधले जातात आणि मग एकमेकांपासून दूर राहणे असह्य होते. त्यासाठी तिचा होकार लागत नाही. म्हणजे त्याची निश्चिंती घेता घेता लेखिकेने तिचा नकारही काढून घेतला. इथे दुसरी प्रतिक्रिया पूर्ण खरी ठरते.

लीचे काय झाले?

स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ (२००५) मालिकेने हा प्रकार घराघरांत नेला. त्यातला व्हॅम्पायर एडवर्ड नायिकेच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत राहतो, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते त्या मालिकेतले लांडगे. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरच्या क्विल्यूट या खऱ्या आदिवासी समाजातले तरुण मेयर यांनी लांडगामानव केले आणि दैवजोडी जुळण्याला ‘इम्प्रिंटिंग’ असे नाव दिले. हा शब्द प्राणिवर्तनशास्त्रातला. अंड्यातून बाहेर आलेले हंसाचे पिल्लू समोर हलणाऱ्या पहिल्या वस्तूमागे चालू लागते, हे कोनराड लॉरेन्झ यांनी प्रयोगांनी दाखवले होते. त्यांना १९७३ साली नोबेल मिळाले. मेयर यांनी ही क्रिया उलटी केली. इथे मोठा पुरुष लहान जिवावर ‘ठसतो’. ‘इक्लिप्स’मध्ये (२००७) क्विल दोन वर्षांच्या क्लेअरवर, तर ‘ब्रेकिंग डॉन’मध्ये (२००८) जेकब नुकत्याच जन्मलेल्या रेनेस्मीवर. ती मोठी होईपर्यंत तो भाऊ, मित्र, रक्षक, जे तिला हवे ते होईल, असे सांगितले जाते. पण ती मोठी झाल्यावर ‘नाही’ म्हणाली तर? पुस्तक तो प्रश्न चर्चेत आणते आणि तिला नकोसे तरी का होईल, असे म्हणून बाजूला ठेवते.

त्याच मालिकेत ली क्लिअरवॉटर नावाची मुलगी आहे. सॅम आणि ती एकमेकांवर प्रेम करत होती. एके दिवशी लीची नात्यातली बहीण एमिली येते, सॅम तिच्यावर ‘ठसतो’ आणि लीचे प्रेम एका क्षणात रद्द होते. पुढे एकदा सॅमचा क्षणभर ताबा सुटतो आणि जवळ उभ्या असलेल्या एमिलीच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात. ली स्वतःही लांडगी होते. कळपातल्या सगळ्यांना एकमेकांचे विचार ऐकू येत असल्याने सॅमच्या मनातली एमिली तिला रोज ऐकावी लागते. ‘हे दैव होते, कुणाचाच दोष नाही’ असे तिला सगळे सांगतात. कडवट, कटकटी बाई म्हणून तिच्यावर चिडतात. माझ्या वहीत या मालिकेवरची सर्वांत जास्त टिपणे लीवर आहेत. दैवजोडीची किंमत जोडीबाहेरच्या माणसाने मोजली, हे लेखिकेने दाखवले. पण त्याची जबाबदारी कथेने घेतली नाही.

बंध पुरेसा नाही असे मानणारी पुस्तके

आता दुसरी बाजू. फिजीत जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या नलिनी सिंग यांची ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’ (२००६) घ्या. भावना हा आजार समजून लहानपणापासून दाबून टाकणारी एक मनोबली जमात आणि प्राणिरूप घेऊ शकणारी दुसरी, असे जग. नायिका साशा पहिल्या जमातीतली, नायक लुकास बिबट्यांच्या कळपाचा प्रमुख. साशाला वाटत असते की, आपल्याला भावना जाणवतात म्हणजे आपल्यातच काही बिघाड आहे. कादंबरीचा खरा प्रवास त्या ‘बिघाडा’ला स्वतःची शक्ती म्हणून ओळखण्याचा आहे. या मालिकेत ओढ पुरुषाला आधी कळली, तरी बंध पुरा व्हायला स्त्रीने तो स्वीकारावा लागतो. नियम एवढासाच बदलला, पण कथेचा तोल पालटला. त्याची निश्चिंती कायम राहिली आणि तिचा निर्णय कथेला पुढे नेऊ लागला.

सारा जे. मास यांनी ‘अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्यूरी’मध्ये (२०१६) याहून पुढचे पाऊल टाकले आहे. नायिका फेरीला कळते की ऱ्हिसँड आपला दैवजोडीदार आहे. हे तिला तो सांगत नाही, एक तिसराच प्राणी सांगतो. त्याला हे आधीपासून ठाऊक होते, हेही तेव्हाच कळते. तिचा पहिला उद्गार आनंदाचा नसतो, ती संतापते: माझ्याविषयीची एवढी मोठी गोष्ट मलाच शेवटी कळावी? ती निघून जाते, डोंगरातल्या घरात एकटी राहते, विचार करते. त्या जगातल्या रीतीप्रमाणे स्त्रीने पुरुषाला अन्न वाढले की बंध स्वीकारला असे होते. फेरी त्याच्यापुढे सूपचा वाडगा ठेवते, तो सगळे ऐकून झाल्यावर आणि स्वतःच्या मर्जीने.

याच पुस्तकात ऱ्हिसँड सांगतो की, त्याचे आईवडीलही दैवजोडी होते, तरी एकमेकांना मुळीच साजेसे नव्हते. फेरीच्या बहिणीची, एलेनची, गोष्ट तर अजून उघडी आहे. तिचे लग्न दुसरीकडे ठरलेले असताना तिला बळजबरीने परीजातीची केले जाते आणि त्याच क्षणी लुसिएन ‘ही माझी’ हे ओळखतो. त्यानंतर पुस्तकामागून पुस्तक आले, २०२१ सालचे ‘अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स’ही आले, तरी एलेनने त्याला होकार दिलेला नाही. चाहत्या वाचक यावर हिरिरीने भांडतात. म्हणजे नकार हा त्यांच्या दृष्टीने विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आपल्या ‘कादंबरी’तली महाश्वेता

मराठी वाचकाला हे जग परके वाटायचे कारण नाही. ज्या शब्दाने आपण या साहित्यप्रकाराला ओळखतो, तो सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून आला. त्यात गंधर्वकन्या आहेत, शाप आहेत, जन्मोजन्मीची प्रेमे आहेत. आपल्याकडच्या सुरुवातीच्या ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या कादंबऱ्यांना समीक्षकांनी ‘अद्भुतरम्य’ म्हटले. पॅरानॉर्मल रोमान्सला याहून चांगला मराठी शब्द मला सापडलेला नाही.

बाणाच्या मुलाने पुऱ्या केलेल्या उत्तरभागात एक प्रसंग आहे. पुंडरीकाच्या मृत्यूनंतर महाश्वेता अच्छोद सरोवराकाठी तप करत असते. तिथे वैशंपायन येतो, जुने काही आठवल्यासारखा घुटमळतो आणि तिच्या मागे लागतो. ती संतापून त्याला पोपट होण्याचा शाप देते. नंतर कळते की, वैशंपायन म्हणजे पुन्हा जन्मलेला पुंडरीकच. दैवाचा दाखला शंभर टक्के खरा होता, तरीही ज्या क्षणी तिला तो परका आणि नकोसा होता, त्या क्षणी तिचा नकार कथेने मानला. सच्च्या दैवजोडीदारालाही पोपट होऊन थांबावे लागले. महाश्वेता पुढे शोक करते, पण ‘तू ओळखायला हवे होतेस’ असे तिला कुणी सुनावत नाही. पुढे दोघांचे मीलन होते. मला हा प्रसंग या सगळ्या आधुनिक पुस्तकांची कसोटी वाटतो.

आपल्या पत्रिकेतही ही भाषा आहेच. आठ कूटे, ३६ गुण. ‘गण’ या कूटाला सहा गुण: देव, मनुष्य, राक्षस. ‘योनी’ला चार, आणि तिथे चौदा प्राणी: घोडा, हत्ती, साप, मांजर, वाघ, मुंगूस वगैरे. लांडगा तेवढा नाही! राक्षसगण म्हणून परत गेलेली स्थळे आपल्यापैकी अनेकांच्या घरात असतील. पत्रिकेत दैवाची ग्वाही गुरुजी देतात आणि कादंबरीत नायकाचे नाक देते, एवढाच भेद. मुलीला शेवटी कळते, हे दोन्हींकडे सारखे. फेरीचा संताप मराठी मुलींना इतका ओळखीचा का वाटत असावा, याचे उत्तर मला इथे दिसते.

‘एकतर्फी’ हा शब्द

हे सगळे मोजून मापून पाहण्याचे कारण वर्तमानपत्रात सापडते. ‘एकतर्फी प्रेमातून’ अशी सुरुवात असलेल्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. पुढे हल्ला असतो, ॲसिड असते, खून असतो. त्या हल्लेखोरालाही शंका नसते. ‘ती माझीच आहे’ हे त्याला पहिल्या नजरेत कळलेले असते. दैवजोडीचा नायक आणि हा इसम यांच्यात पुस्तकाने काय फरक ठेवला, हे म्हणूनच तपासावे लागते. ‘कादंबरीत तो खरोखरच दैवाने नेमलेला असतो’ हे उत्तर पुरत नाही, कारण बाहेरच्या जगात प्रत्येक जण स्वतःला नेमलेलाच समजतो. फरक एकाच जागी पडतो: ती ‘नाही’ म्हणाल्यावर तो काय करतो, आणि लेखिका त्याला काय करू देते.

या मापाने फीहान यांचे विधिवाक्य नापास होते. मेयर लीला आणि एमिलीच्या व्रणांना पानावर आणतात, पण त्यांच्याकडे पाहून थांबत नाहीत. सिंग आणि मास यांच्या जगात मारामारी, मालकीची भाषा, गुरगुरणे भरपूर आहे. तरी तिथे नकाराला दार आहे आणि त्या दारापाशी नायकाला उभे राहावे लागते. ही पुस्तके थोर वाङ्मय आहेत असा माझा दावा नाही. भाषा पुष्कळदा भडक असते, शृंगाराची वर्णने लांबतात, युद्धांना अंत नसतो. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुली ही पुस्तके वाचणार आहेतच. मोबाइल काढून घेण्यापेक्षा तिच्याबरोबर बसून एक प्रश्न विचारावा: या गोष्टीत ती ‘नाही’ म्हणू शकली असती का? माझ्या भाचीने त्यावर अर्धा तास वाद घातला, लीची बाजू घेऊन.