कट-ऑफच्या खाली राहिलेलं मूल

मदतीच्या गोष्टीला एक मूल लागतंच. गरीब, हुशार, शिकण्यासाठी धडपडणारं. कुणीतरी त्याला हात देतं, ते मोठं होतं आणि शेवटी आपण डोळे पुसतो. आफ्रिकेतल्या खेड्यांमधल्या शाळांवरचे जे सिनेमे आपल्या फोनपर्यंत पोचतात, ते बरेचसे याच साच्यातले. त्यातले दोन शेजारी ठेवून बघितले, तर एक वेगळाच प्रश्न समोर येतो. ज्या मुलाला कुणी हात दिला नाही, त्याचं काय झालं?

पहिला सिनेमा म्हणजे नेटफ्लिक्सवरचा, २०१९चा ‘द बॉय हू हार्नेस्ड द विंड’. चिवेटेल एजिओफोरने तो दिग्दर्शित केला आणि त्यात वडिलांची भूमिकाही केली. मलावीतल्या कासुंगु भागातल्या विल्यम कामक्वाम्बाची ही खरी गोष्ट आहे. २००१-०२च्या दुष्काळात घरात खायला नाही, फी भरता येत नाही, म्हणून त्याची माध्यमिक शाळा सुटते. मग गावातल्या प्राथमिक शाळेच्या छोट्याशा वाचनालयात बसून तो विजेची पुस्तकं वाचतो आणि भंगारातून पवनचक्की उभी करतो. सिनेमात या पवनचक्कीवर पंप चालतो, शेताला पाणी मिळतं आणि माणसं उपासमारीतून वाचतात.

कामक्वाम्बाने ब्रायन मीलरबरोबर लिहिलेल्या पुस्तकात मात्र क्रम वेगळा आहे. दुष्काळ ओसरतो तो पाऊस आल्यावर, नवं पीक हाती आल्यावर. पवनचक्की त्यानंतरची. तिच्यावर आधी घरातला दिवा लागतो, शेजारीपाजारी मोबाइल चार्ज करायला येतात. पाण्याचा पंप बऱ्याच नंतर येतो. सिनेमाने हे सगळं एकत्र दाबून बसवलं. नाट्य म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण त्यात एक गोष्ट हरवली. या मुलाच्या आयुष्यात दोन साध्या गोष्टी निर्णायक होत्या. एक त्याला मिळाली नाही, ती म्हणजे फी. दुसरी मिळाली, ती म्हणजे देणगीतून आलेल्या पुस्तकांची काही फडताळं. सिनेमा बघून लक्षात राहते पवनचक्की. फीची पावती आपण विसरून जातो.

दुसरा सिनेमा आहे जेनिफर अर्नॉल्डचा २०१०चा माहितीपट, ‘अ स्मॉल ॲक्ट’. तो आपल्याकडे फारसा कुणी बघितलेला नाही, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. केनियातल्या एका खेड्यातला ख्रिस म्बुरू लहान असताना त्याच्या शाळेचा खर्च स्वीडनमधल्या एका अनोळखी बाईंनी उचलला. तो पुढे हार्वर्डमध्ये कायदा शिकला, संयुक्त राष्ट्रांमध्ये मानवी हक्कांचा वकील झाला आणि गावाकडच्या मुलांच्या माध्यमिक शिक्षणासाठी त्याने एक छोटा निधी सुरू केला. निधीला नाव दिलं त्याच बाईंचं, हिल्डे बॅक. त्या कोण, कुठल्या, हयात आहेत की नाहीत, हेही त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. शोध लागला तेव्हा कळलं की त्या बालशिक्षिका होत्या, ज्यू असल्यामुळे लहान वयात जर्मनीतून स्वीडनला आल्या होत्या आणि त्यांचे आईवडील नाझींच्या छळछावण्यांत गेले होते.

इथवर हीसुद्धा साच्यातलीच गोष्ट. पण अर्नॉल्ड कॅमेरा घेऊन निधीच्या कामात शिरते आणि सिनेमा बदलतो. गावातल्या प्राथमिक शाळेतली तीन मुलं आठवीच्या परीक्षेची तयारी करतायत. केनियात तेव्हा ही परीक्षा ५०० गुणांची असायची. प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत झालं होतं, पण पुढच्या शाळेचा खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेरच होता. निधी मोजक्याच मुलांना पुरणार, म्हणजे कुठेतरी रेघ मारावी लागणार. ती गुणांवर मारली जाते. निकाल अपेक्षेपेक्षा कमी लागतो आणि समितीसमोर प्रश्न येतो की आता या रेघेचं काय करायचं.

माझ्या मते सिनेमाचा गाभा इथे आहे. हिल्डे बॅक केनियाला जातात, गाव नाचत-गात त्यांचं स्वागत करतं, ते दृश्य सुंदर आहेच. पण छोटी मदतसंस्था चालवणं म्हणजे काय, हे त्या स्वागतात दिसत नाही. ते दिसतं निकालाच्या कागदांवर वाकलेल्या माणसांमध्ये. ही माणसं वाईट नाहीत. त्यांच्याकडे पैसे कमी आहेत आणि मुलं जास्त. नाव खोडावं लागणारं मूल त्यांच्याच गावातलं आहे, उद्या रस्त्यात भेटणार आहे. दूरच्या देणगीदाराला फक्त ‘हो’ म्हणायचं असतं. संस्था चालवणाऱ्याला रोज ‘नाही’ म्हणावं लागतं.

तरीही माझी एक तक्रार आहे. रेघ गुणांवरच का मारायची, हा प्रश्न सिनेमा पुरेसा ताणत नाही. केनियाच्याच ग्रामीण भागात पॉल ग्लेवी, मायकेल क्रेमर आणि सिल्वी मुलाँ या अर्थतज्ज्ञांनी शाळांना पाठ्यपुस्तकं फुकट देऊन परिणाम तपासला होता. सरासरी गुण वाढले नाहीत. वाढले ते आधीच पुढे असलेल्या मुलांचे. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि अनेक मुलांची ती तिसरी भाषा. कामक्वाम्बाचंही इंग्रजी कच्चंच होतं. तो आकृत्यांवरून शिकला. अशा मुलावर पुस्तक लिहिलं जातं, कारण असं मूल विरळा असतं. बाकीच्यांसाठी तेच फडताळ नुसतं फडताळ राहतं.

आता याच्या शेजारी दुसरा प्रयोग ठेवा. केनियातल्या बुसिया भागात ७५ शाळांमध्ये एका डच संस्थेच्या कार्यक्रमात मुलांना जंतांच्या गोळ्या दिल्या गेल्या. एडवर्ड मिगेल आणि क्रेमर यांनी २००४ साली त्याचे निष्कर्ष छापले. गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली, आणि संसर्ग कमी झाल्यामुळे गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला. परीक्षेचे गुण मात्र वाढले नाहीत, हेही त्यांनी लिहिलं. या परिणामाच्या आकारावर नंतर अभ्यासकांमध्ये जोरदार वाद झाले. पण मला इथे रस आहे तो मदतीच्या आकारात. या गोळीला कट-ऑफ नाही. ती पहिल्या बाकावरच्या मुलीला मिळते आणि शेवटच्या बाकावरच्या मुलालाही. आपल्याकडेही शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी अनेकांना आठवत असेल. तिच्यावर कुणी सिनेमा काढत नाही, कारण तिच्यात नायक नाही.

म्हणजे शिष्यवृत्त्या बंद करून गोळ्या वाटा, असं मला म्हणायचं नाही. बुद्धी असून फीसाठी अडलेलं मूल ही खरी गोष्ट आहे, आणि म्बुरू स्वतः त्याचा पुरावा आहे. माहितीपटात २००७च्या निवडणुकीनंतरचा केनियातला हिंसाचारही येतो. अशा देशात शिकलेला एकेक माणूस किती मोलाचा, हे म्बुरूचं म्हणणं तिथे पटतं. पण एका म्बुरूवरून ‘छोटी मदत, मोठी लाट’ असा नियम काढला, की आपण फक्त पास झालेल्या टेस्ट मोजतो. माझ्या कामात कुणी फेल झालेल्या केसेस काढून टाकून रिपोर्ट दाखवला, तर त्याला कुणी शाबासकी देत नाही. मदतीच्या गोष्टीत मात्र हे सर्रास चालतं.

आपल्या मराठी घरांमध्ये वार लावून जेवलेल्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्या सगळ्या पुढे नाव काढलेल्यांच्या असतात. ज्यांना वार मिळाला नाही, ते गाव सोडून कुठे गेले, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ‘अ स्मॉल ॲक्ट’ने निदान त्या मुलांना पडद्यावर जागा दिली. निकालाच्या दिवशीचे त्यांचे चेहरे कॅमेऱ्याने टाळले नाहीत. म्हणून दोनपैकी एकच बघायचा असेल, तर हा बघा. आणि पुढच्या वेळी देणगी मागणाऱ्या मेलमध्ये हसऱ्या मुलीचा फोटो आला, तर पैसे जरूर द्या, पण उत्तरात एवढं विचारा: अर्ज किती आले होते, आणि बाकीची मुलं आता काय करतात? काम मनापासून करणाऱ्या संस्थेला या प्रश्नाचा राग येणार नाही. तो प्रश्न तिच्या टेबलावर रोजच असतो.