पियानोप्रधान इलेक्ट्रॉनिक संगीत आणि विधायक अभिप्राय : हौशी रचनाकारांच्या संदर्भात एक समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

संगीतनिर्मितीची साधने गेल्या काही दशकांत सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली आहेत. एक संगणक, एक लहान कीबोर्ड आणि कानाला लावण्याचे हेडफोन एवढ्या सामग्रीवर संपूर्ण संगीतरचना घरबसल्या सिद्ध होऊ शकते. नवी मुंबईतील सानपाड्यासारख्या वसाहतीत या बदलाला एक विशेष परिमाण आहे. मूळच्या आगरी-कोळी गावाच्या भोवती सिडकोच्या नियोजनातून हे उपनगर उभे राहिले. येथील विद्यार्थ्याच्या कानावर गावातील हळदीचे बेंजो-कीबोर्ड आणि धवलारिणींचे धवले पडतात, तसेच चित्रपटसंगीत आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीतही पडते. तो स्वतः मात्र इमारतीतील एका खोलीत, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून, हेडफोन लावून रचना करतो. परिणामी त्याची रचना पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कोणाच्याही कानावर पडलेली नसते. तिचा पहिला श्रोता हाच बहुधा तिचा पहिला परीक्षकही ठरतो.

हा परीक्षक अनेकदा महाविद्यालयातील प्राध्यापक असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्रात २०२३ मध्ये जो श्रेयांक आराखडा स्वीकारण्यात आला, त्यात सहअभ्यासक्रमीय घटकांमध्ये प्रयोगजीवी कलांचाही समावेश आहे. त्यामुळे जे काम पूर्वी स्नेहसंमेलनातील कौतुकापुरते मर्यादित होते, त्याचे आता मूल्यमापन करावे लागते. हे मूल्यमापन करणाऱ्यास अशा संगीताविषयी काय बोलावे, कोणत्या शब्दांत बोलावे आणि कशाच्या आधारे बोलावे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दाद आणि अभिप्राय

आपल्या मैफिलीच्या परंपरेत श्रोत्याच्या प्रतिसादाला 'दाद' ही समर्पक संज्ञा आहे. दादेचे मर्म तिच्या शब्दांत नसून तिच्या जागेत असते. गायक अवघड वळणाने समेवर आला की त्याच क्षणी श्रोत्याच्या तोंडून उद्गार निघतो. तो उद्गार 'वाहवा' एवढाच असला तरी नेमके काय आवडले हे गायकाला कळते, कारण ते कुठे आवडले हे त्याला कळलेले असते. तालमीतही हेच घडते. चुकलेल्या स्वरावरच गुरू थांबवतात. तासाभराने चुकांचा गोषवारा देत नाहीत.

ध्वनिफितीच्या रूपाने परीक्षकापर्यंत पोहोचलेल्या रचनेच्या बाबतीत ही जागा हरवते. रचना संपल्यावर उच्चारलेला 'छान' हा शब्द तीन-चार मिनिटांच्या संपूर्ण कालखंडावर सारखाच पसरतो आणि म्हणून कोणत्याही एका क्षणाला लागू पडत नाही. तीच गोष्ट 'काहीतरी कमी वाटते' या नकारात्मक शेऱ्याची. यावरून विधायक अभिप्रायाचे पहिले लक्षण सांगता येईल : विधायक अभिप्राय म्हणजे हरवलेली जागा परत मिळवून देणारी दाद होय. 'पन्नासाव्या सेकंदाला डावा हात थांबतो आणि उजव्या हाताची धून एकटी उरते, तेथे रचना प्रथमच श्वास घेते,' असे सांगितल्यास रचनाकाराला आपल्या रचनेकडे पाहण्यासाठी एक निश्चित ठिकाण मिळते. मृदू शब्द वापरणे म्हणजे विधायक होणे, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. नेमका नसलेला मृदूपणा हा केवळ शिष्टाचार असतो.

वाद्याचा नकार म्हणजे समीक्षा नव्हे

इलेक्ट्रॉनिक संगीताबद्दल अभिजात संगीताच्या जाणकाराची पहिली प्रतिक्रिया बहुधा साधनाविषयीची असते : पियानोत मींड नाही, श्रुती नाहीत, आणि यंत्रातला पियानो तर खरा पियानोही नाही. या आक्षेपाचा इतिहास महाराष्ट्राला चांगला परिचित आहे. पेटीचे स्वर ठरीव असतात, त्यातून मींड निघत नाही, या कारणांनी १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. आक्षेपातील वस्तुस्थिती खरी होती. परंतु गोविंदराव टेंबे आणि पी. मधुकर यांच्यासारख्या वादकांनी पेटीत काय साधले, या प्रश्नाला त्या वस्तुस्थितीत उत्तर नव्हते. वाद्याची मर्यादा सांगणे आणि त्या मर्यादेत वादकाने काय केले हे सांगणे या भिन्न गोष्टी आहेत. समीक्षेचा प्रांत दुसऱ्या गोष्टीपासून सुरू होतो.

डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या विविध कोटींचा विचार करताना कलासंगीत, लोकसंगीत, जनसंगीत आदींचे स्वतंत्र स्वरूप लक्षात घेण्याचा आग्रह धरला. त्याच न्यायाने, नृत्यासाठी केलेल्या रचनेत रागविस्तार शोधणे किंवा शांत पार्श्वसंगीतात तालाचा जोर शोधणे हा परीक्षकाचा दोष ठरतो. 'या रचनेला काय करायचे आहे?' हा प्रश्न 'ही रचना कशी आहे?' या प्रश्नाच्या आधी यावयास हवा.

केशवराव भोळे : कर्ता आणि समीक्षक

या संदर्भात केशवराव भोळे यांचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी समकालीन गायकांवर लेखन केले. त्याच वेळी ते स्वतः संगीतकार होते. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने रंगभूमीवर आणलेल्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाचे संगीत त्यांचे होते. पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार अशा पाश्चात्त्य वाद्यांचा वापर मराठी गीतसंगीतात करणाऱ्या आरंभीच्या संगीतकारांत त्यांची गणना होते. म्हणजे अभिजात गायकीचा मर्मज्ञ समीक्षक आणि पियानोचा प्रयोग करणारा संगीतकार या दोन भूमिका एका व्यक्तीत सुखाने नांदत होत्या.

भोळे यांनी संगीत दिलेल्या 'कुंकू' (१९३७) या चित्रपटात रूढ अर्थाचे पार्श्वसंगीत टाळून प्रसंगात स्वाभाविकपणे येणाऱ्या ध्वनींवर भर दिला आहे. जेथे वाद्यमेळ सहज वापरता आला असता तेथे तो न वापरण्याचा हा निर्णय आजच्या हौशी रचनाकारासाठी विशेष बोधप्रद आहे. संगणकावर आणखी एक वाद्य वाढवण्यास काहीच खर्च येत नाही. त्यामुळे रचना भरत जाते, घडत मात्र नाही. 'आणखी काय घालता येईल' यापेक्षा 'काय काढले तरी रचना उभी राहील' हा प्रश्न परीक्षकाने विचारणे अधिक उपकारक ठरते.

चरणजित सिंग : अभिप्रायाच्या अभावाचे उदाहरण

अभिप्राय न मिळाल्याने काय होते याचे ठळक उदाहरण मुंबईतच घडले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग सादर करणारी एक ध्वनिमुद्रिका तयार केली. त्यात भैरवी, ललत, भूपाली, तोडी, यमन, मालकंस आदी राग होते. रोलँड कंपनीचे ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही त्यांची साधने होती. ध्वनिमुद्रिका चालली नाही आणि विस्मृतीत गेली. २०१० मध्ये नेदरलँड्समधील एका संस्थेने ती पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा शिकागो येथे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या 'अ‍ॅसिड हाउस' या प्रकाराची ती पूर्वसूरी म्हणून जगभर नावाजली गेली. २०१५ साली सिंग यांचे निधन झाले.

येथे दोन प्रकारचे अन्याय दिसतात. पहिला उघड आहे : अठ्ठावीस वर्षांचे मौन. दुसरा सूक्ष्म आहे. पुनःप्रकाशनानंतरची प्रशंसा मुख्यतः 'कोणाच्या आधी केले' या मुद्द्याभोवती फिरली; त्यात राग कसा मांडला गेला हा प्रश्न मागे पडला. वास्तविक टीबी-३०३ या यंत्रात लागोपाठच्या दोन स्वरांना घसटीने जोडण्याची सोय होती. ठरीव स्वरांच्या कळफलकावर जे साधत नाही, त्याच्या जवळ जाणारी ही वाट होती. रागसंगीत जाणणाऱ्या समीक्षकाने १९८२ मध्येच हे ऐकून लिहिले असते, तर त्याचा उपयोग त्या रचनाकाराला झाला असता आणि त्यामागून येणाऱ्यांनाही. उपेक्षेप्रमाणे अस्थानी स्तुतीही रचनाकाराला एकाकी ठेवते, असे यावरून म्हणता येईल.

प्रत्यक्ष रचनेकडे

हौशी पियानोप्रधान इलेक्ट्रॉनिक रचनेचे एक सर्वसाधारण रूप डोळ्यांसमोर ठेवल्यास वरील विवेचन अधिक स्पष्ट होईल. अशा रचनेत प्रायः चार स्वरसंघांची एक मालिका पियानोवर वाजते, तिच्यावर एक छोटी धून येते, काही वेळाने ठेका आणि खर्जातील बेस सुरू होतो. मिनिटाला १२० मात्रांची लय आणि चार-चार मात्रांचे चार खंड धरल्यास ही मालिका आठ सेकंदांत पूर्ण होते. तीन मिनिटांत ती बावीसहून अधिक वेळा येते. येथे परीक्षक पटकन 'पुनरावृत्ती फार आहे' असे म्हणतो. परंतु सोळा मात्रांचे आवर्तन तर त्रितालातही पुन्हा पुन्हा येते. तेथे ते कंटाळवाणे वाटत नाही, कारण प्रत्येक वेळी समेवर येण्याची वाट वेगळी असते. म्हणून दोष पुनरावृत्तीचा नसून, परत येताना काहीच न बदलण्याचा आहे. 'पाचव्या आवर्तनात चौथा स्वरसंघ अर्धा रोखून धरल्यास काय होते ते ऐकावे,' ही सूचना 'कंटाळवाणे' या शेऱ्यापेक्षा कितीतरी उपयुक्त आहे.

दुसरा मुद्दा स्पर्शाचा. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी पद्धतीत प्रत्येक स्वराचा आघात १ ते १२७ या अंकांत नोंदला जातो. माउसने एकेक स्वर मांडल्यास बहुधा सर्वांना एकच अंक मिळतो, आणि सर्व स्वर लयीच्या रेषेवर तंतोतंत बसवले की हाताचा मागमूस उरत नाही. 'पियानो यांत्रिक वाटतो' हे श्रोत्याचे निरीक्षण खरे असते. पण त्यामागचे कारण सांगितल्याशिवाय ते अभिप्राय होत नाही. धून हाताने वाजवून नोंदवावी, निदान स्वरसंघातील वरचा स्वर इतरांपेक्षा ठळक ठेवावा, हे सांगता येते. मात्र ठेक्याचा काटेकोरपणा हा या प्रकाराचा स्वभाव आहे. त्यामुळे सर्वच काही सैल करण्याचा सल्ला देणे चुकीचे ठरेल.

तिसरा मुद्दा जागेचा. पियानोचा डावा हात खर्जात भरदार स्वरसंघ धरतो आणि तेथेच बेसही येतो. सुमारे २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात ही गर्दी झाली की ध्वनी गढूळ होतो. पेडल सतत दाबून ठेवल्यास आणि त्यावर रिव्हर्बचा भरपूर वापर केल्यास गढूळपणा वाढतो. अनेकदा यासाठी तांत्रिक उपायांची गरज नसते : डाव्या हाताचे स्वरसंघ एक सप्तक वर न्यावेत किंवा दोनच स्वर ठेवावेत, एवढे पुरते. रचना केवळ हेडफोनवर ऐकलेली असल्याने हा दोष रचनाकाराच्या लक्षात आलेला नसतो. म्हणून ती वर्गातील ध्वनिवर्धकावर, चारचौघांत वाजवणे हाच स्वतंत्रपणे एक अभिप्राय ठरतो. सानपाड्यातील बंद खोलीत जन्मलेल्या रचनेला मिळालेली ती पहिली मैफल असते.

अभिप्रायाची भाषा

संगीतशास्त्राचे शिक्षण नसलेल्या प्राध्यापकाला हे जमेल काय, ही शंका रास्त आहे. येथे निरीक्षण, कारण आणि उपाय यांत भेद करणे आवश्यक आहे. 'दुसऱ्या मिनिटानंतर लक्ष उडाले' हे निरीक्षण कोणताही सावध श्रोता प्रामाणिकपणे नोंदवू शकतो आणि ते रचनाकारासाठी मोलाचे असते. कारण सांगण्यास अभ्यास लागतो. उपाय सुचवण्यास त्याहून अधिक. ज्या पायरीपर्यंत आपला अधिकार आहे तेथे थांबणे हा परीक्षकाच्या सचोटीचा भाग होय. निरीक्षणाच्या जोरावर उपाय ठोकून देणे, हा नेहमीचा प्रमाद आहे.

मराठीत 'हौशी' हा शब्द हलक्या अर्थाने वापरला जातो, तसा गौरवानेही. हौशी रंगभूमीने मराठी नाटकाला प्रयोगशीलता दिली, हे सर्वमान्य आहे. हौशी आहे म्हणून चुकांकडे डोळेझाक करणे हे वरकरणी औदार्य असले तरी त्यात एक अवहेलना दडलेली आहे. 'यातून विशेष काही निष्पन्न व्हावयाचे नाही' असे आधीच ठरवल्याशिवाय ते औदार्य दाखवता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पियानोप्रधान इलेक्ट्रॉनिक संगीताच्या हौशी रचनाकाराला दिलेला अभिप्राय तो रचनेच्या निश्चित जागेवर बोट ठेवतो, रचनेचा स्वतःचा हेतू आधी समजून घेतो आणि पुढील प्रयत्नासाठी किमान एक करून पाहण्याजोगी गोष्ट देतो, तेव्हा विधायक ठरतो. वाद्याचा नकार, सरसकट स्तुती आणि मौन हे तिन्ही प्रतिसाद परस्परविरोधी दिसले तरी त्यांचा परिणाम एकच असतो : रचनाकार होता तेथेच राहतो. श्रेयांकाच्या तक्त्यात गुण भरणे परीक्षकाला अपरिहार्य आहे. त्या गुणांशेजारी ऐकल्याची खूण सांगणारे एक वाक्य लिहिणे मात्र त्याच्या इच्छेवर अवलंबून आहे. बंद खोलीत एकट्याने काम करणाऱ्या विद्यार्थ्याला आपली रचना खरोखर कोणीतरी ऐकली, हे त्या एका वाक्यावरूनच कळणार आहे.