सामंतची साक्ष

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (रंगायन, १९६७) हे केवळ समूहाच्या क्रौर्याचे नाटक मानले, तर सामंतचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच. खेड्यातला हा सरळ, भिडस्त माणूस बेणारेशी आदराने वागतो. मात्र बदली साक्षीदार म्हणून उभा राहताच हातातल्या कादंबरीवरून साक्ष रचतो, आणि तीच तिच्या वर्मी लागते. खटल्याच्या खेळाने काशीकर-सुखात्मे यांच्या सुप्त क्रौर्याला परवाना दिला. सामंतच्या बाबतीत त्याने सौजन्यालाच कामास जुंपले. अखेरीस तो हळूच तिच्यापाशी कापडी पोपट ठेवतो. त्याची करुणा शाबूत आहे. खेळ थांबविण्याचे धैर्य तिच्या जोडीला नव्हते. परिस्थितीला नकार देऊ न शकणारे सौजन्य म्हणजे शील नव्हे, हाच या नाटकाचा खरा निवाडा होय.