उंबरठ्यापाशी थांबलेला सिनेमा

महेश मांजरेकरांचा २००० सालचा ‘अस्तित्व’ आपण बंडाचा सिनेमा म्हणून बघतो. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. जुने संगीतशिक्षक आपली मालमत्ता अदितीच्या नावावर करून जातात, आणि तिचा नवरा श्रीकांत हिशेबाला बसतो, की मुलगा नक्की कुणाचा? आपण कामात बुडालेलो असताना ही बाई घरात किती एकटी होती, हा हिशेब मात्र तो मांडत नाही. म्हणजे बघा, संसार आधीच मोडला होता. मृत्युपत्रामुळे तो दिसला इतकंच. शेवटी अदिती सगळ्यांसमोर बोलते, घर सोडते, आपण टाळ्या वाजवतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं ती दोघांचा चहा टाकेल, तेव्हाचं काय? तिचा राग सिनेमा पूर्ण ऐकून घेतो. इतक्या वर्षांच्या सहवासाचं दुःख मात्र, मला वाटतं, ऐकायचं राहून गेलंय.