आपल्या बाजूचे पारडे

वृत्तपत्रे पक्षपाती आहेत, अशी ओरड निवडणुकीच्या दिवसांत कोठे होत नाही? तथापि अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ही तक्रार जणू प्रचाराचाच एक भाग होऊन बसली आहे. २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प भर सभेत वार्ताहरांकडे बोट दाखवून ती करीत होते. त्याच वेळी हिलरी क्लिंटन यांचे समर्थकही, ई-मेल प्रकरणाला अवाजवी जागा दिली म्हणून, वृत्तपत्रांना दोष देत होते. हार्वर्ड विद्यापीठातील टॉमस पॅटरसन यांनी त्या वर्षीच्या प्रमुख वृत्तपत्रांचा आणि वाहिन्यांचा मजकूर तपासला. संपूर्ण प्रचारकाळात क्लिंटन यांच्याविषयीच्या मजकुरात प्रतिकूल सूर ६२ टक्के, तर ट्रम्प यांच्याविषयीच्या मजकुरात तो ५६ टक्के आढळला. झोडपले दोघांनाही गेले होते. प्रत्येक बाजूला मात्र आपल्याच पाठीवरचे वळ दिसत होते. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि 'लॉस एंजेलिस टाइम्स' या दैनिकांनी कोणत्याच उमेदवाराला पाठिंबा जाहीर न करण्याचे ठरविले, तेव्हा त्या मौनातही अनेकांना पक्षपात दिसला.

या वादाच्या मुळाशी जाण्यासाठी आम्ही दोन जुनी पुस्तके हाती घेतली आहेत: थिओडोर व्हाइट यांचे 'द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६०' (१९६१) आणि टिमथी क्राउस यांचे 'द बॉइज ऑन द बस' (१९७३). पहिल्याची निवड करण्याचे कारण उघड आहे. त्या निवडणुकीत जॉन केनेडी अमेरिकेचे पहिले कॅथोलिक अध्यक्ष झाले. आपल्याविरुद्ध झालेला पक्षपात कोणालाही ओळखता येतो. आपल्या माणसाच्या बाजूने झालेला पक्षपात ओळखता येतो काय, ही खरी कसोटी आहे.

केनेडींच्या आधी बत्तीस वर्षे न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ यांनी ही वाट चालून पाहिली होती. १९२७ च्या एप्रिलमध्ये 'अटलांटिक मंथली' या प्रतिष्ठित मासिकाने एका वकिलाचे अनावृत पत्र छापून, कॅथोलिक माणूस पोपमहोदयांशी आणि अमेरिकेच्या राज्यघटनेशी एकाच वेळी निष्ठावंत राहू शकेल काय, असा प्रश्न त्यांना जाहीरपणे विचारला. स्मिथ यांनी पुढच्याच महिन्यात त्याच मासिकातून उत्तर दिले. परंतु पत्रकांचा आणि कुजबुजीचा पूर त्यामुळे थांबला नाही. १९२८ साली ते हर्बर्ट हूव्हर यांच्याकडून पराभूत झाले. त्या पराभवाला देशातील भरभराट आणि दारूबंदीचा वाद हीही कारणे होती. तरी कॅथोलिक कुटुंबांच्या स्मरणात धर्माचे कारणच खोल रुतून बसले. १९६० च्या वार्तांकनाकडे पाहताना ही जखम विसरता येत नाही.

व्हाइट यांच्या ग्रंथाचे मोठेपण आधी मान्य केले पाहिजे. तोवर निवडणुकीची बातमी म्हणजे भाषणांचा गोषवारा आणि मतांचे आकडे. चीनमध्ये युद्धवार्ताहर म्हणून नाव मिळविलेल्या या लेखकाने प्रचाराच्या विमानात, हॉटेलांच्या खोल्यांत आणि सल्लागारांच्या बैठकांत डोकावून निवडणुकीची कथा सांगितली. मतदानाच्या दिवशीच्या प्रतीक्षेपासून ग्रंथ सुरू होतो आणि निकाल ठाऊक असूनही वाचक उत्कंठेने पाने उलटत राहतो. १९६२ साली त्याला पुलित्झर पारितोषिक लाभले ते योग्यच होय.

मात्र हीच कथनशैली ग्रंथाचे वैगुण्यही उघड करते. केनेडी आपल्याला आतून दिसतात: थकलेले, विनोद करणारे, वाचणारे, विचार करणारे. निक्सन दिसतात ते बाहेरून, दूरच्या व्यासपीठावर, घामेजलेले आणि एकाकी. एकाच्या चुका कथानायकाच्या अडचणी ठरतात, तर दुसऱ्याच्या चुका स्वभावदोष ठरतात. व्हाइट यांनी कोठेही खोटे लिहिलेले नाही. परंतु दिवा कोणाच्या खोलीत लावायचा हे त्यांनी आधीच ठरविलेले होते. ते हार्वर्डमध्ये केनेडींच्या थोरल्या भावाचे सहाध्यायी होते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

असे का झाले याची कारणमीमांसा व्हाइट स्वतःच करतात, आणि ती या ग्रंथाची सर्वांत मोलाची पाने आहेत. निक्सन यांच्या गोटात वार्ताहरांना शत्रूसारखे दूर ठेवले जाई. केनेडींच्या दौऱ्यात त्यांना भाषणाची प्रत वेळेवर मिळे, उमेदवार त्यांच्याशी गप्पा मारी, त्यांच्या लिखाणाची आठवण ठेवी. महिनोन्महिने एकत्र प्रवास केल्यावर त्यांतील अनेक जण अखेरीस उमेदवाराचे मित्र आणि चाहते झाले. गंमत अशी की, त्याच काळात पाठिंबा जाहीर करणाऱ्या दैनिकांपैकी बहुसंख्य दैनिके निक्सन यांच्या बाजूची होती. अग्रलेख मालकाच्या मताचा, तर बातमी वार्ताहराच्या जिव्हाळ्याची! निवडणुकीत पडलेल्या सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांपैकी जेमतेम १ लाख १३ हजारांच्या फरकाने केनेडी विजयी झाले. इतक्या निसटत्या पराभवानंतर निक्सन यांच्या मनात वृत्तपत्रांविषयीचा सल घर करून राहिला. १९६२ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरल्यावर त्यांनी पत्रकारांपुढेच तो कडवटपणे बोलून दाखविला.

येथे कोणी म्हणेल, स्मिथ यांना झालेल्या अन्यायाची ही भरपाई झाली. परंतु केनेडींना वृत्तपत्रांचा केवळ लळाच लाभला असे नाही. एप्रिल १९६० मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील प्राथमिक निवडणूक त्यांनी जिंकली, तेव्हा त्या विजयाचा अर्थ वृत्तपत्रांनी जवळजवळ संपूर्णपणे कॅथोलिक मते आणि प्रॉटेस्टंट मते यांच्या बेरीज-वजाबाकीतून लावला. २१ एप्रिल रोजी वॉशिंग्टनमध्ये वृत्तपत्र-संपादकांच्या संमेलनात केनेडींनी त्याविषयी जाब विचारला. एका अनुकूल लेखाच्या १५ परिच्छेदांत 'कॅथोलिक' हा शब्द २० वेळा आला होता, हे त्यांनी दाखवून दिले. शेती, परराष्ट्र धोरण, रोजगार यांवर आपण काय बोललो ते छापलेच जात नाही, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. पुढे १२ सप्टेंबरला ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट पाळकांसमोर त्यांनी सांगितले की, आपण डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार आहोत आणि योगायोगाने कॅथोलिक आहोत. पक्षपाताचा हा दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. त्यात निंदा नसते. माणसाच्या कपाळावर एकच चिठ्ठी चिकटवून बाकीचा माणूस झाकला जातो.

आणि तिसरा प्रकार मौनाचा. केनेडींना अ‍ॅडिसनचा विकार होता. जुलै १९६० मध्ये त्यांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्ध्यांच्या गोटातून तो विषय उघडपणे मांडला गेला. केनेडींच्या बाजूने त्याचा इन्कार झाला आणि वृत्तपत्रांनी तो पुढे फारसा लावून धरला नाही. त्यांच्या आजारांचा खरा आवाका २००२ साली वैद्यकीय कागदपत्रे इतिहासकारांपुढे आली तेव्हा लोकांना कळला. अध्यक्ष होऊ पाहणाऱ्याच्या प्रकृतीची माहिती हा मतदारांचा हक्क होता. मित्रांनी तो जपला नाही. केनेडींच्या हत्येनंतर आठवडाभरातच त्यांच्या पत्नीने व्हाइट यांना बोलावून घेतले, आणि ६ डिसेंबर १९६३ च्या 'लाइफ' मध्ये त्यांच्या कारकिर्दीला 'कॅमेलॉट' या दंतकथेतील राज्याची उपमा देणारा लेख आला. ते चित्र जगभर पसरले. १९७८ साली आपल्या आत्मचरित्रात व्हाइट यांनीच तो इतिहासाचा विपर्यास होता अशी कबुली दिली. पंधरा वर्षांनी का होईना, पण ती दिली, यात लेखक म्हणून त्यांची प्रामाणिकता दिसते.

क्राउस यांचे पुस्तक १९७२ च्या निवडणुकीतील वार्ताहरांविषयी आहे. भाषा खेळकर, प्रसंगी टवाळ, आणि व्हाइट यांची भव्यता येथे नावालाही नाही. पण निदान अचूक आहे. व्हाइट यांनी पक्षपाताचे मूळ जिव्हाळ्यात दाखविले. क्राउस ते भीतीत दाखवितात. एका चर्चेनंतर इतर वार्ताहर असोसिएटेड प्रेसच्या वॉल्टर मिअर्स यांना बातमीची पहिली ओळ काय घ्यायची असे विचारतात, हा त्यातील प्रसंग सर्वश्रुत आहे. ज्याची बातमी वृत्तसंस्थेपेक्षा वेगळी, त्याला संपादकाचा दूरध्वनी येणार! म्हणून कळप एकाच दिशेने चालतो. त्या कळपाने जवळ येऊ देणाऱ्या मॅकगव्हर्न यांची कसून तपासणी केली. व्हाइट हाउसमध्ये बसून राहिलेल्या निक्सन यांना फारसे प्रश्नच पडले नाहीत. १७ जून १९७२ ला वॉटरगेटची घरफोडी झाली, पण मोजक्याच वार्ताहरांनी तिचा माग काढला, आणि नोव्हेंबरमध्ये निक्सन यांनी ४९ राज्ये जिंकली. उपाध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांनी १९६९ साली डे मॉइन येथील भाषणात वृत्तवाहिन्यांच्या मूठभर लोकांवर पक्षपाताचा आरोप केला होता. तीन वर्षांनी त्याच वार्ताहरांची ढिलाई त्यांच्या पक्षाच्या पथ्यावर पडली!

दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्यावर आमचे मत असे बनते की, पक्षपात हा बहुधा कट नसतो. तो मैत्रीतून, सोयीतून आणि एकटे पडण्याच्या भयातून येतो. म्हणूनच तो प्रामाणिक माणसांच्या हातूनही घडतो. मराठी दैनिकांतील अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्या बहुतांशी वृत्तसंस्थांकडूनच येतात. कळपाने ठरविलेली ती पहिली ओळ अशा रीतीने आपल्या घरापर्यंत पोहोचते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसारमाध्यमांविषयीचा आदेश प्रसिद्ध केला. त्यात लेखकांइतकेच वाचकांवरही कर्तव्य सोपविले आहे. ते कर्तव्य विरोधी बाजूचे वृत्तपत्र पाहून संतापण्याने पार पडत नाही. ज्या पानावर आपल्या माणसाची स्तुती आहे, त्याच पानाला विचारावे: येथे काय सांगायचे राहिले? व्हाइट यांचा ग्रंथ कॅथोलिक वाचकाने अवश्य वाचावा, आणि हा प्रश्न मनात धरून वाचावा. केनेडींचे मोठेपण त्याने कमी होणार नाही.