पळालेला गुलाम आणि मराठी रूपक

जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’चे (१८७३) वाचन आपल्याकडे प्रामुख्याने रूपकाच्या अंगाने झाले आहे. ग्रंथाची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना उद्देशून आहे. म्हणजे मुक्तीच्या वाक्याचा कर्ता तिथे मुक्तिदाता आहे, गुलाम हे कर्म. मळ्यातून स्वतःच्या पायांनी निघून गेलेला, जमैकाच्या डोंगरांत वस्ती करून १७३९ साली इंग्रजांना तहास भाग पाडणारा ‘मरून’ या मांडणीत येत नाही. (त्याच तहाने नंतर पळून येणाऱ्यांना मालकांकडे परत पाठविण्याचे बंधन मरूनांवर लादले. तेव्हा पळालेल्यास निष्कलंक नायक करणे ही पुन्हा रूपकाचीच हौस.)

हा पळालेला गुलाम मराठीपासून दूर होता काय? पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले कित्येक गुलाम घाट चढून हल्याळ-यल्लापूरच्या अरण्यात शिरले. उत्तर कन्नडमधील सिद्दींचे पूर्वज बव्हंशी हेच, असे अभ्यासक मानतात. ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने मालकीहक्काचा न्यायालयीन आधार गेला, तर पोर्तुगीज मुलखात गुलामी कायद्याने रद्द झाली ती १८६९ मध्ये. मधली सव्वीस वर्षे घाटाच्या एका बाजूला जो मालमत्ता होता, तो दुसऱ्या बाजूला कायद्याच्या लेखी कोणाचाही नव्हता. आणि उत्तर कन्नड १८६२ पासून मुंबई इलाख्यातच होते. पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली तेव्हा पळून आलेल्यांच्या वस्त्या त्याच इलाख्यात नांदत होत्या, त्याही कोकणी-मराठीच्या कुळातली बोली बोलत.

हा फुल्यांवरील आक्षेप नव्हे. दूरच्या दाखल्यावाचून त्यांना जवळचे दास्य दाखविता आले नसते. आक्षेप आहे तो नंतरच्या समीक्षेवर. आपल्या इतिहासलेखनाला आणि ऐतिहासिक कादंबरीला सिद्दी ठाऊक आहे तो जंजिऱ्याचा सत्ताधीश म्हणून, हबशी ठाऊक आहे तो मलिक अंबर म्हणून. गुलाम सत्तेवर चढला तर व्यक्तिरेखा, न चढला तर उपमा!

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) इथे शेजारी ठेवून वाचावी. तिची प्रेरणा सुरतच्या एका विधवेवरील खटल्यात आहे. तिथे दास्य ही संकल्पना होण्याआधी आरोपीच्या पिंजऱ्यातली बाई आहे. पळालेल्या गुलामाला असा खटला लाभत नाही, कारण तो सापडत नाही. मालकाची तक्रार एवढीच बहुधा त्याची लेखी खूण. लेखी संहितेवर पोसलेली आपली पद्धती तेथे थांबते. सिद्दींची बोली, त्यांची गाणी हे मराठी विभागांनी आजवर मानववंशशास्त्राच्या हवाली केलेले साहित्य आहे, आणि ‘गुलामगिरी’ शिकविताना ते त्याच तासाला वर्गात आणण्यास कोणत्याही अभ्यासक्रमाची आडकाठी नाही.