कपाळावरची मोत्यांची ओळ

लवासातल्या दासव्याच्या तळ्याकाठी लग्न लावायचं तर वाऱ्याला वेगळं आवतण लागत नाही. समोर वरसगाव धरणाचं पाणी, मागे इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर रंगवलेल्या पिवळ्या-विटकरी इमारती. इथे आलेल्या नवरीला मग पायघोळ जाळीच्या ओढणीचा मोह होतो. उडती ओढणी फोटोत देखणी दिसते, हे खरं. पण मंगलाष्टकं संपेपर्यंत करवल्यांना अक्षता टाकायची सवड मिळत नाही. दोघीजणी ओढणीच धरून उभ्या.

मला विचाराल तर या जागेचा दागिना मुंडावळ्या. कपाळावर आडवी मोत्यांची दुपदरी ओळ, कानशिलांपाशी सुटलेले दोन सर, टोकाला गोंडे. आडवी ओळ स्थिर, उभे सर हलते, आणि सगळी गंमत या जोडीत आहे. नवरी होमाकडे वाकली की सर पुढे झुलतात, मान वर झाली की गालाला लागून मागे जातात. वारा आलाच तर तो यांचं काही बिघडवत नाही, उलट त्यांना कामाला लावतो. ओळीखाली कुंकू, त्याखाली नथीतले मोती: नजर पायरी पायरीने उतरते. शिवाय नवऱ्यालाही मुंडावळ्याच. दोघांना सारखा बांधायचा दागिना म्हणून मला त्यांचं फार अप्रूप.

पडदा आपल्या लग्नातही आहे, पण तो डोक्यावर नसतो. कुंकवाचं स्वस्तिक काढलेला अंतरपाट दोघांच्या मध्ये धरलेला असतो. शेवटचं ‘सावधान’ झालं, तो सरला, की चेहरा एकदम समोर. तिथे तोंडावर आणखी जाळी असेल तर त्या क्षणाची धारच बोथट होते. डोक्यावरून पदर किंवा शेला घेण्याची रीत ज्या घरात आहे तिथे तो जरूर घ्यावा. तो चेहऱ्याला महिरप करतो. आणि वसईच्या चर्चमध्ये जाळीचा व्हेल शोभतोच. १८४० साली व्हिक्टोरिया राणीने लग्नात पांढरा पोशाख आणि हॉनिटनची लेस मिरवली, त्या फॅशनची लाट जगभर गेली. तिथे अंतरपाट नाही, नवरी लांबून संथ चालत येते; व्हेलला पसरायला वाटही असते आणि वेळही.

निवडताना चूक होते ती गर्दीची. बिंदी-बिजवरा, राजस्थानी वळणाची माथापट्टी आणि वर मुंडावळ्या, हे सगळं एकाच कपाळावर मागणारे लोक आहेत! माथापट्टी आणि मुंडावळ्या एकाच जागेसाठी भांडतात. एकीला घरी ठेवा. हौस उरलीच तर ती मागे फेडावी. खोपा मानेलगत, सैल नको. त्यावर राखडी, सोन्याचा केवडा, भोवती वेणी. मंडपातल्या निम्म्या वऱ्हाडाला नवरी पाठमोरीच दिसते, हे सजवणारे विसरतात.

फुलांच्या मुंडावळ्या हव्यात तर पुण्याहून टेमघरचा घाट चढून त्या यायच्या आहेत. उमललेला मोगरा वाटेतच कोमेजू लागतो; निशिगंधाच्या मिटलेल्या कळ्या केळीच्या ओल्या पानात टिकतात. गाठ खोप्याखाली लपवा, आणि सर खांद्याच्या वरच संपू द्या, नाहीतर हार घालताना ते त्यात अडकलेच म्हणून समजा.